आबांच्या करकरत्या चपला

काल आबांच्या कोल्हापुरी चपलांना तेल पाजायला घेतलं आणि त्या कातड्याच्या वासानं मला थेट मोनॅकोच्या बंदरावर नेऊन उभं केलं. युरोपच्या सहलीत त्या चिमुकल्या संस्थानाची एकच दुपार आमच्या वाट्याला आली होती. निळंशार पाणी, त्यावर बंगल्याएवढ्या पांढऱ्या बोटी, आणि काठावरच्या चकचकीत फरशीवरून आबा, माझे वडील, चपला करकर वाजवत चाललेले. आमच्या गावी, मुरगुडात, त्यांना त्या आवाजाचा तोरा होता. तिथं मात्र लोकांच्या माना वळायला लागल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. समोरच्या झगमगीत हॉटेलात कॉफी प्यायची मला फार हौस होती. मी म्हणालो, "आबा, आत चपला चालत नाहीत." "मग तू जा की. मी बसतो हितं," म्हणून ते कट्ट्यावर टेकले. आत शेजारच्याच टेबलावर एक गोरा रबरी स्लिपर घालून बसला होता. तरी मी उठलो नाही, कॉफी पुरती संपवली. बाहेर आलो तर आबा अनवाणी बसलेले, चपला पिशवीत घातलेल्या. "हितंबी चालत नसतील म्हटलं," ते म्हणाले. खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. पुढं माझ्याबरोबर कुठंही निघताना, अगदी घरच्या लग्नालासुद्धा, ते उंबऱ्यात थांबून विचारायचे, "तिथं चपला चालत्यात न्हवं?" आता आबा नाहीत. चपला माझ्याच मापाच्या आहेत. मी त्यांना तेल पाजतो आणि परत फळीवर ठेवून देतो.