साइडकारमधला पासंग

त्याला सगळे पासंग म्हणायचे. तराजूचं हलकं पारडं सारखं करायला लावतात, तो पासंग. एरवी नळदुरुस्ती करणारा हा गडी वर्षातून एकदा, जुन्या मोटरसायकलींच्या शर्यतीत, धाकट्या साडूच्या साइडकारमध्ये बसायचा. बसायचा कसला, लोंबकळायचा. कडेला गवताचे भारे रचून गावातलेच रस्ते बंद केलेले असत. वळण आलं की यानं मागची दांडी धरून अंग बाहेर झोकायचं, नाहीतर गाडी उलटलीच म्हणून समजा. हँडल मात्र साडूच्या हातात, आणि टाळ्याही साडूलाच.

"हँडल काय, कुणीही फिरवील," तो घरी बायकोला ऐकवायचा. "वजन कधी टाकायचं ते मला विचार."

एका वर्षी शर्यतीच्या तोंडावर बेकरीत पिठाचं पोतं उचलताना साडूचं मनगट मुरगळलं. पासंगाची जुनी पोटदुखी एकदम बरी झाली. "मी चालवतो," तो म्हणाला, आणि साइडकारमध्ये बायकोला घेतलं.

ती घाबरेल असं त्याला वाटलं होतं. घाबरला तोच. पोस्टाच्या वळणावर ती रस्त्याला कान लावावा तशी झुकली आणि यानं ब्रेक दाबला. पुढच्या वळणावरही तेच.

"अहो, सोडा की ब्रेक. मी आहे ना."

शेवटून दुसरा नंबर आला. "दादा, छान चालवलीत," साडू मनापासून म्हणाला. त्या शब्दांनी याचा आणखीच जळफळाट झाला.

वर्षभरानं साडू चाचरत विचारायला आला, "दादा, यंदा ताईला नेऊ का?"

"ने की," पासंग म्हणाला. जीभ कशीबशी वळली.

शर्यतीला तो पोस्टाच्या वळणावर भाऱ्यांमागे उभा राहिला. ते दोघं आले तसे गेले, जणू एकाच अंगाचे. गाडीनं एकदा तरी खोकावं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. गाडी खोकली नाही. तिसरा नंबर आला.

बायको दंड चोळत उतरली. "एवढी वर्षं हे करत होतात, आणि इतकं जड जातं हे कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

त्यानं तिला पाणी दिलं. "पोस्टापाशी मागची दांडी लवकर सोडतेस तू."

"हो, जाणवलं मला. मग कधी सोडायची?"

तो सांगू लागला. साडूही ऐकायला जवळ सरकला, तसा पासंगानं आवाज खाली आणला.