अप-डाऊन

दिपमालाला बघायला आले तेव्हा तिचे होणारे सासरे, नाना, चहा पिता पिता म्हणाले, “नोकरी सोडानी गरज नही. धुळं काय दूर शे? रोज अप-डाऊन करी लेई.” दिपमाला धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि सासर पारोळ्याचं. तिला ‘अप-डाऊन’ हा शब्द आवडला. मास्तर, साहेबलोक तोच वापरतात. त्यात आपला मान आहे असं तिला वाटलं.

लग्नानंतर त्याचा खरा अर्थ कळत गेला. अंधारात उठून सगळ्यांच्या भाकरी थापायच्या, एसटीत उभ्यानं जायचं, परत आल्यावर मोरीत तिच्याच नावानं ठेवलेली भांडी घासायची. दवाखान्यात वॉर्डची जबाबदारी द्यायची वेळ आली की डॉक्टर म्हणत, ही अप-डाऊनवाली, हिचं लक्ष घड्याळाकडे. घरी काही ठरवायचं असलं की नाना म्हणत, तिला काय विचारता, ती अप-डाऊनवाली. धुळ्यात खोली घेऊ, असं तिनं नवऱ्याला, भूपेंद्रला, कितीदा सांगून पाहिलं. तो कूस बदलून झोपून जाई.

मुलगी झाली, हेमांगी. तिला मोठ्या जावेनं, ज्योतीनं, वाढवलं. पोरीला ताप आला तरी ती ज्योतीच्याच कुशीत शिरायची. दिपमाला इंजेक्शनं देऊन घरी यायची आणि दाराशी उभी राहून ते बघायची.

हेमांगी चौथीत असताना दवाखान्यानं दिपमालाला राहायला क्वार्टर देऊ केलं, सोबत वॉर्डचा चार्जही. या वेळी तिनं कुणाला विचारलं नाही. दोन पिशव्या भरल्या, एक स्वतःची, एक पोरीची. भूपेंद्र म्हणाला, “तुला जायचं तर जा. पोरीला विचार.”

हेमांगीनं ज्योतीच्या पदराचा काठ बोटाला गुंडाळला. “मी मोठ्या आईजवळच राहते,” ती म्हणाली. रडली नाही, रागावलीही नाही. दिपमालाला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. ज्योतीनं मान खाली घातली, पण पदर सोडवला नाही.

पोरीची पिशवी तिथंच राहिली.

आता दिपमाला वॉर्डची इन्चार्ज आहे. हाताखालच्या पोरी तिला वचकून असतात. सुट्टीच्या दिवशी ती पारोळ्याला जाते. ज्योती पाहुण्यांसाठीच्या कपात चहा आणते, बशीत बिस्किटं मांडते आणि विचारते, “जेवून जाशील, का लवकर निघायचं आहे?”

हेमांगी आतल्या खोलीत अभ्यास करत असते. दिपमाला बिस्किट चहात बुडवते आणि लवकर निघायचं आहे म्हणून सांगते.