बरकत, दोन, तीन

लातूरच्या मालधक्क्यावर ताहेर मुकादमाला कुणी हमाल म्हटलेलं खपत नसे. हमाल पाठ देतो, मुकादम जबान देतो, असं तो ऐटीत सांगे. आणि सांगताना बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्याच पाठीवर क्विंटलभराचं पोतं असे. धक्क्यावरून तीस वर्षांत एक पोतं कमी गेलं नाही, हा त्याचा एकुलता एक जमीनजुमला. बाकी काही नव्हतं.

एके काळी त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती. गावाबाहेरच्या तेलगिरणीचे डबे आणि पेंड रोज छोट्या लाईनच्या वॅगनमध्ये भरली जायची. बहात्तरच्या दुष्काळात शेंगाच आल्या नाहीत, तेव्हा गिरणी पहिल्यांदा थांबली. पुढची दहा वर्षं ती म्हाताऱ्यासारखी खोकत चालली आणि लातूर जिल्हा झाला त्याच वर्षी कायमची बंद पडली. गावात गुलाल उधळला, नव्या कचेऱ्या आल्या, साहेबांच्या जीपा आल्या. धक्क्यावर मात्र रेल्वेचा कागद आला: महिन्याला दहा वॅगन भरल्या नाहीत, तर धक्का बंद. जिल्हा आला आणि वॅगन गेल्या! अकरा माणसं उरली होती, आणि तीही रिकाम्या धक्क्यावर विड्या ओढत बसायची.

दहा वॅगन भरेल एवढा माल आता एकाच माणसाकडे होता, डाळमिलवाल्या चन्नबसप्पाकडे. पण त्याला ट्रकवाल्यांनी घेरलेलं. ताहेरने महिनाभर त्याच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कुठे तो म्हणाला, "बघू. दोन वॅगन भर. माल नीट गेला तर वर्षाची डाळ रेल्वेनं." मोजायला त्याने नवा कारकून पाठवला, अमृतराव. शहरात शिकून आलेला, चुणचुणीत, वहीत रेघा मारण्यात पटाईत.

सकाळी सहाला भरणी सुरू झाली. वीस-वीस पोत्यांच्या थप्प्या उचलायच्या, आणि दर विसाला ताहेर नव्याने मोजायचा; त्याच्या तोंडच्या आकड्यागणिक अमृतराव वहीत रेघ मारायचा. दहा वाजता दोन्ही वॅगन भरल्या. दोनशे ऐंशी पोती आली होती. अमृतरावाने वही मिटली आणि चन्नबसप्पाच्या कानाशी लागला.

"ताहेरभाई," चन्नबसप्पा हळूच म्हणाला, "चौदा पोती कमी हायेत."

चोर असं तो म्हणाला नव्हता, पण म्हणायचं तेवढंच राहिलं होतं. फाटकाबाहेर दोन ट्रक उभे होते. चन्नबसप्पाने ते आधीच बोलावून ठेवले होते, हे ताहेरला आत्ता उमगलं, आणि त्याला पोत्यांच्या आरोपापेक्षा तेच जास्त लागलं.

"दोनी वॅगन उतरवतो, आप्पा. तुमच्या माणसासमोर. मजुरी नको."

"अरे, संध्याकाळच्या गाडीला लागायच्यात त्या."

"लागतील."

हमालांनी कपाळाला हात लावला, पण मुकादमच पहिला वॅगनमध्ये चढल्यावर बोलणार कोण? अमृतराव दाराशी खडू घेऊन उभा राहिला; प्रत्येक पोत्यावर त्याने खूण करायची असं ठरलं. पहिलं पोतं ताहेरनेच पाठीवर घेतलं आणि नेहमीच्या खड्या आवाजात म्हणाला, "बरकत."

खडू हललाच नाही. ताहेर दोन पावलं पुढे जाऊन थांबला.

"ह्याच्यावर खूण का न्हाई?"

"मोजायला अजून सुरुवात कुठं केलीत?" अमृतराव म्हणाला. "तुम्ही देवाचं नाव घेतलंत. म्हटलं, आधी घेऊ द्यावं."

एक हमाल असा हसला की पाठीवरचं पोतं खालीच आलं. चौदा थप्प्या, चौदा बरकती, चौदा पोती! चन्नबसप्पा पोट धरून हसत म्हणाला, "अरे बाबा, बरकत म्हंजेच एक. माझा बाप 'लाभ' म्हणून मोजायचा. पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, धान्य एकटं पडतं." अमृतराव कानापर्यंत लाल झाला.

"झालं समाधान," चन्नबसप्पा म्हणाला. "ठेव ते पोतं परत."

"न्हाई, आप्पा." ताहेर हसला नव्हता. "चौदा कमी हे समद्यांनी ऐकलं. दोनशे ऐंशी हेबी समद्यांनी ऐकू दे."

आणि त्या रखरखीत उन्हात अकरा माणसांनी दोनशे ऐंशी पोती उतरवली. खडूची शेवटची खूण पडली तेव्हा अमृतरावाने स्वतःच मोठ्याने आकडा सांगितला. मग सदरा काढून ठेवला आणि पोती परत चढवायला खांदा दिला. त्याला धड एकही उचलता येईना, पण कुणी हसलं नाही.

गाडी सुटली तेव्हा दोन्ही वॅगन तिच्या शेपटाला होत्या. चन्नबसप्पाने ट्रक रिकामे परत पाठवले.

"पुढच्या महिन्यात बारा वॅगन," तो म्हणाला. "आन् मोजायला माझा माणूस येणार न्हाई. ताहेर सांगंल तोच आकडा."

त्या रात्री बेगमबीने नवऱ्याची सोललेली पाठ तेलाने चोळली तेव्हा तो कण्हला नाही. उलट आप्पाचं ते शेवटचं वाक्य त्याने तिला तीनदा ऐकवलं.

धक्का पुढे पुष्कळ वर्षं चालला. शेवटी तो बंद झाला, कारण कुणाच्या बापाला न थांबणारे ट्रक आणि सडका आल्या. पण माल नव्हता म्हणून बंद झाला, असं कुणाला म्हणता आलं नाही. अखेरच्या दिवशीही ताहेरने तीन वॅगन भरून पाठवल्या, आणि एकाही पोत्याची तक्रार आली नाही.