घुटीची पुडी

मी सातवीतून शाळा सोडलेली. वाशिमकडून लग्न होऊन पुण्यात आले. नवरा कॉम्प्युटर कंपनीतल्या लोकांची गाडीतून ने-आण करायचा आणि सदाशिव पेठेत आमची एक खोली होती. लेक सात महिन्यांची असताना तिचे डोळे पिवळे पडले. दोन दिवसांत दूध सोडून ती नुसती झोपू लागली. दवाखान्यात सुई टोचली, तिथलं रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिव्हर काम करत नाहीये. का, ते कळत नाही. तिच्या पोटात जे जे गेलं, ते सगळं घेऊन या."

मी पिशवी भरली. तापाचं औषध, नाचणीचं पीठ, दूध तापवायचं पितळी पातेलंसुद्धा. घरमालकीणकाकू दारातून बघत होत्या.

"अहो, देव्हारा राहिला, तोही घ्या," त्या म्हणाल्या. मग स्वतःच पातेल्याचं झाकण शोधून आणून दिलं.

एक वस्तू मात्र मी डब्यामागे सरकवली. आईनं गावाकडच्या बसनं स्टँडवर पाठवलेली घुटीची पुडी. मुळ्या होत्या कसल्याशा, मी रोज सहाणेवर उगाळून चाटवायचे. आईनं त्या वैदूकडून घेतलेल्या, त्यात काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. घुटीनं झालं असं निघालं असतं, तर सासरच्यांनी आईला दारात उभं केलं नसतं.

बाईंनी एकेक वस्तू लिहून घेतली. "अजून काही?"

"नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी रागवायला विचारत नाहीये. काही बाधलं असेल, तर औषध त्याप्रमाणे द्यावं लागतं. वेळ थोडा आहे."

मी चपला न घालताच खोलीवर गेले, पुडी आणली. त्यांनी हुंगली, म्हणाल्या, "बरं केलंत," आणि सलाईनमधून एक औषध वाढवलं.

तिसऱ्या दिवशी लेक दुधासाठी रडली. कावीळ उतरायला महिना लागला. विषाणू, जन्मजात दोष, पुडी, पातेलं, सगळं तपासलं; नक्की काहीच सापडलं नाही. कार्डावर लिहिलं, कारण समजले नाही. "घुटी मात्र आता बंद," बाई म्हणाल्या. मी पाया पडले तर म्हणाल्या, "उठा, मागे रांग आहे."

बूथवरून आईला फोन लावला. लेक बरी आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, "माह्या घुटीनं त नाही झालं ना वं?"

"नाही," मी म्हणाले. "पण आता पाठवू नको."