ड्राइव्ह चांगली निघाली

आईचा आवाज असलेली एकच सीडी घरात होती. माझ्या लेकीच्या बारशाला आईने पाळणा म्हटला होता. मध्येच एक ओळ विसरली, "स्वल्प थांबा गं," म्हणत खुदकन हसली आणि पुन्हा सुरू झाली. आई गेल्यावर त्या हसण्यासाठी मला सीडीची प्रत करून ठेवायची होती.

घरातल्या लॅपटॉपला सीडीची सोयच नाही. चामराजपेटेतल्या कन्नड दुकानदाराने सीडी लिहायची जुनी ड्राइव्ह शोधून लॅपटॉपला जोडली. नुसती घरघर झाली, सीडी काही वाजेना. मी भडकलेच. "अण्णा, भंगार काय गळ्यात मारताय? ड्राइव्ह खराब आहे तुमची!"

त्याने कोरी सीडी आत सरकवली आणि माइक माझ्यापुढे धरला. "काहीतरी बोला, अक्का. लिहून बघू."

मला दुसरं काही सुचेना. मी पाळणाच म्हटला. तो सीडीवर उतरेपर्यंत मनातल्या मनात देवाला विनवत होते, ड्राइव्ह बिघडलेलीच निघू दे. ड्राइव्ह काय, दुसरी आणता येईल.

त्याने सीडी लावली. माझा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"ड्राइव्ह सरी आहे, नीट चालतेय, अक्का," तो हळूच म्हणाला. "तुमची सीडीच गेली."

ती चाचणीची सीडी मी घरी घेऊन आले. पाळणा तिच्यात अख्खा आहे. मी कुठेही अडखळले नाही.