माडीवरून आलेला रूपक

शिरगावची खाण बंद झाली आणि तिथल्या ऑफिसातली माझी नोकरी गेली. त्याच वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. जन्मभर भजनांत आणि नाटकांत तबला वाजवलेला माणूस उजवा हात मांडीवर ठेवून दिवसभर जनेलाशी बाहेर बघत बसू लागला. बोलणं जवळजवळ बंदच. मी चोपडे गावात घरीच होतो, म्हणून माडीवरची खोली हिवाळ्यापुरती एका रशियन बाईंना भाड्याने दिली. त्या निवृत्त पियानोशिक्षिका. किनाऱ्यावरची गर्दी त्यांना सोसत नव्हती.

सकाळी त्या रेकॉर्डिंगं लावत. एकदा वर जाऊन मी इंग्रजीत विचारलं, "हे कोणाचं?"

त्या हसल्या. "याला आमच्याकडेही कोणी ओळखत नाही. नावाजलेल्यांना सगळेच ऐकतात. मी उरलेल्यांना ऐकते."

त्यांनी वहीत सहा संगीतकारांची नावं लिहून दिली, रशियन अक्षरांत. इंटरनेटवर शोधायचं तर ती अक्षरं शिकणं आलं. इंग्रजी पी दिसला की 'र' वाचायचा, हे अंगवळणी पडायला आठवडा गेला. काही रेकॉर्डिंगं इतकी जुनी की व्हायोलिनपेक्षा श्रोत्यांचा खोकलाच जास्त ऐकू यायचा. काही मला मुळीच आवडली नाहीत, तसं मी बाईंना सांगितलंही. एका रचनेत मात्र चार तंतुवाद्यं एकमेकांशी हळू बोलल्यासारखी वाजत. ती मी बाबांच्या शेजारी बसून मोबाइलवर लावायचो.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबांचा डावा हात खुर्चीवर हलू लागला. मग ते म्हणाले, "रूपक."

रशियन संगीतात रूपक ताल? मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ते चिडले. "सात रे, सात!"

कित्येक महिन्यांनी ते माझ्यावर खेकसले होते. मी मोबाइल घेऊन धावत माडीवर गेलो आणि ती रचना लावली. बाईंनी डोळे मिटून बोटांवर मात्रा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "सातच," म्हणाल्या आणि खाली येऊन बाबांसमोर बसल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बाईंनी टाळी दिली, बाबांनी डाव्या हाताने ठेका धरला.

बाबांचं बोलणं पुरतं परतलं नाही. दहा-बारा शब्द आले, त्यांतले निम्मे तालांचे. पावसाआधी बाई मायदेशी गेल्या. नंतर त्यांना येणं जमलं नाही. दोन वर्षांनी बाबाही गेले.

आता मला डिचोलीत नोकरी आहे. रविवारी सवड काढून मी अनोळखी नावं शोधतो. मध्यंतरी त्या सात मात्रांच्या संगीतकाराची दुसरी एक रचना यादीत दिसली, पण ऐकायला कुठेच सापडेना, म्हणून बाईंना लिहिलं. उत्तर आलं : "ती कोणी वाजवलेलीच नाही. तिच्या स्वरलिपीचे कागद आमच्या ग्रंथालयात आहेत."