अनसूया भोईर आणि परवान्याची एकनळी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गुणवंत भोईर गेले. सकाळी नऊच्या सुमाराला, खुर्चीत पेपर वाचता वाचता. बहीण अनसूया गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत आली तेव्हा पेपर पायाशी पडला होता. तिने तो उचलून घडी केला, टीपॉयवर ठेवला आणि मग समोरच्या भाभींची बेल वाजवली. "भाई उठ नहीं रहे," एवढंच म्हणाली.

दोघंच होती घरात. गुणवंतची बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी काविळीने गेली, मूलबाळ नव्हतं. अनसूयाचं एक-दोनदा जमता जमता राहिलं आणि पुढे कुणी जमवायला बसलंच नाही. तो टपाल खात्यात, ती शाळेत क्लार्क. गोडदेवातल्या जुन्या घराच्या जागी बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट वाट्याला आला, त्यात दोघं निवृत्त झाली. सगळं आयुष्य एका छपराखाली. तरी अनसूयाच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. दहाव्याला बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. ती आलेल्यांना पाणी देत होती, चपला सरळ करत होती. सहाला पालिकेचं पाणी यायचं, ते भरायची. टीव्ही लावायची. मालिकेत कोण कुणाची सून, तिला कळत नव्हतं आणि न कळल्याचं काही वाटतही नव्हतं.

जानेवारीत पोलीस ठाण्यातून फोन आला.

"गुणवंत नाथा भोईर तुमचे कोण?"

"भाऊ. वारला."

पलीकडच्या हवालदार बाईने समजावून सांगितलं. विधानसभेच्या निवडणुकीआधी सगळ्या परवानाधारकांनी हत्यारं जमा केली होती. बाकीच्यांनी नेली, भोईरांची एकनळी बंदूक तशीच पडून आहे. आता परवानाधारक नाहीत म्हटल्यावर वारसाने काय ते ठरवायचं. आपल्या नावावर परवाना मागा, परवाना असलेल्याला विका, नाहीतर सरकारजमा करा.

"किती दिवसांत?"

"लवकर या, ताई."

बातमी कशी फुटली कोण जाणे, चौथ्या दिवशी यतीन दारात हजर. चुलत भावाचा मुलगा. काशीगावला हायवेच्या बाजूला त्याचा लग्नाचा हॉल आहे.

"आत्या, तुला कशाला ती कटकट? तू नुसती सही दे. परवान्याचं मी बघतो. हॉलच्या दर्शनी भिंतीवर काचेच्या पेटीत लावणार. खाली आजोबांचं नाव. नाथा भोईर, बेचाळीस साली जपान्यांवर गोळी झाडणारा माणूस. आपल्या गावात दुसरं कोण आहे असं?"

"बघते," अनसूया म्हणाली.

"बघायचंय काय त्यात?"

ती चहा टाकायला उठली.

ही जपान्यांची गोष्ट गोडदेवात लहान पोरालाही ठाऊक. महायुद्धात जपानी किनाऱ्यावर उतरणार अशी आवई उठली होती. ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक, त्यांच्या घरटी एका माणसाला समुद्राकाठच्या डोंगरी गावाच्या बाजूला पहाऱ्यावर घेतलं. भोईरांकडे रानडुकरं हाकायला ठेवलेली एकनळी होती. म्हातारा थकलेला, म्हणून मुलगा नाथा गेला. बावीस वर्षांचा. दिवसा मिठागरावर राबायचा आणि पहाटे खांद्याला बंदूक लावून खडकांवर फिरायचा. तीन आठवडे काही घडलं नाही. मग एका पहाटे शत्रू पाण्यातून आला, नाथाने गोळी घातली, शत्रू पळाला, मात्र जाता जाता एका कोळ्याला जखमी करून गेला. गावाने नाथाला हार घातला. तो मान खाली घालून उभा होता, आणि गावाने त्यालाच विनय म्हटलं.

खरं काय ते अनसूयाला चौदाव्या वर्षी कळलं. दरवर्षी भात झोडून झालं की बाप नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन डोंगरीला बस्त्याव नावाच्या कोळ्याकडे जायचा. एखादवेळी तिलाही न्यायचा. बस्त्याव डावा पाय ओढत बाहेर यायचा, दोघं पडवीत बसायचे, फारसं बोलायचे नाहीत. निघताना बस्त्याव सुके बोंबील बांधून द्यायचा. एकदा परतीच्या वाटेवर तिने विचारलं, "दादा, त्याच्या पायाला काय झालं?"

"मी मारली गोली," बाप म्हणाला.

धुकं होतं. दिवे लावायला बंदी. खडकाशी कुणीतरी वाकलेलं दिसलं, दोनदा हाक मारली. लाटांच्या आवाजात त्याला ऐकू गेली नाही. तो जाळं ओढत होता. नाथाने त्याला पाठीवर घेऊन वर गावापर्यंत नेलं. फौजदार आला तेव्हा बस्त्यावनेच सांगितलं, गोळी समुद्राकडून आली. का सांगितलं, ते नाथाने कधी विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

"मग ती बंदूक कशाला ठेवलीस घरात?"

"टाकली तर इसरन," बाप म्हणाला.

त्यानंतर बंदूक कुणी चालवली नाही. बाप गेल्यावर परवाना गुणवंतच्या नावावर झाला. दर निवडणुकीला तो ती जमा करायचा, निकालानंतर परत आणायचा आणि अनसूया तेलाच्या फडक्याने नळी पुसून कपाटात ठेवायची. तांदूळ मात्र थांबला. शेतंच राहिली नव्हती. बस्त्यावही मग गेला.

यतीन दोनदा आला, तीनदा आला. फेब्रुवारीत एका सकाळी अनसूयाने साडी बदलली, वाण्याकडून पाच किलो तांदूळ घेतला आणि उत्तनकडची बस पकडली. आपण का चाललोय, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

डोंगरीला बस्त्यावचं घर आता स्लॅबचं झालं होतं. दार त्याच्या नातीने उघडलं, सेलिनाने. पंचेचाळिशीची, शाळेत शिकवणारी. नाव सांगितल्यावर तिचा चेहरा उजळला.

"गोडदेवच्या का? आमचे आजोबा तुमच्या वडिलांचं नाव घ्यायचे. दोघांनी जपान्यांना बघितलं होतं ना?"

म्हणजे इथेही तेच. अनसूया खुर्चीत बसली. पिशवी मांडीवर होती, ती खाली ठेवावी हे सुचलं नाही. आतून सेलिनाची आई रोजीबाय आली, बस्त्यावची सून, ऐंशीला टेकलेली, भिंतीला धरत.

"सेलिना, चाय ठेव जा," तिने लेकीला आत पाठवलं, मग अनसूयाच्या समोर बसली. "भाऊस कसा हाय तुजा?"

"गेला. डिसेंबरात."

"मना कल्ला न्हाय. कोन सांगनार."

मग अनसूया म्हणाली, "ती गोळी जपान्यांची नव्हती. माझ्या बापाने—"

"म्हाइत हाय मना," रोजीबाय म्हणाली. "सासऱ्यानी जाताना सांगतला. पोरांना नको सांगू, बोल्ला."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आयला की. तवा मी दिवसभर जेवले न्हाय. गोली लागल्यावर सासरा कदी बोटीवर गेला न्हाय, मग नवऱ्याला दहाव्या वर्षी जावा लागला. पन तुजा बापूस दर वर्साला येवाचा. त्यानी येयाचा सोडला न्हाय. आता बंदूक कोनाकडं हाय?"

अनसूयाने पोलीस ठाण्याचं सांगितलं, यतीनच्या काचेच्या पेटीचं सांगितलं.

"भितीवर लावनार?"

"हो."

"आनि लोका फोटो काडतील."

"काढतील."

रोजीबायने मान हलवली. राग दिसला नाही, थकवा दिसला. "तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

अनसूयाने खरोखर शोधून बघितलं. हाताला काही लागलं नाही. "मला डिसेंबरपासून काही वाटतच नाही," ती म्हणाली.

"वाटंल. नायतर न्हाय वाटनार. काम काय थांबत न्हाय त्याच्यासाठी."

सेलिना चहा घेऊन आली. तांदळाची पिशवी रोजीबायने ठेवून घेतली, नको म्हणाली नाही. निघताना बोंबील मात्र दिले नाहीत. घरात आता कुणी मासेमारी करत नव्हतं.

दोन दिवसांनी अनसूयाने यतीनला घरी बोलावलं आणि त्या पहाटेची सगळी हकिगत सांगितली. तो ऐकत होता, पण त्याचा पाय हलत होता.

"आत्या, ऐंशी वर्षांपूर्वीचं कोण बघायला जातंय? दुसऱ्या कुणाला हे बोललीस का?"

"ज्यांना सांगायचं त्यांना ठाऊक होतं."

"मग झालं तर. गोष्ट आहे तशी राहू दे. बंदूक दे."

"नाही देणार."

"तुला चालवायचीय का ती?"

"मी सरकारजमा करणार आहे."

त्याने आजोबांच्या नावाचं, घराण्याच्या इज्जतीचं बरंच काही काढलं. ती ऐकत राहिली. इतर वेळी रडली असती. हा बधिरपणा त्या दिवशी तिच्या उपयोगी पडला. यतीन दार आपटून गेला, आणि नंतर होळीला आला नाही की पाडव्याला.

मार्चमध्ये ती कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेली. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, आपण एकटीच वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र. समोर फोनवर बोललेली हवालदार बाईच होती, सुरुची नावाची. तिने कोठारातून बंदूक मागवली. ती टेबलावर आली तेव्हा नळीवर गंज चढला होता. अनसूयाने पदराचं टोक पुढे केलं, मग मागे घेतलं.

"जमा करण्याचं कारण काय लिहू?" सुरुचीने विचारलं.

"ठेवायला कोणी नाही."

"कधी वापर झाला होता का?"

"एकदा. युद्धात."

सुरुचीने मान वर केली. "कुणावर?"

"आपल्याच माणसावर," अनसूया म्हणाली. "चुकून. डोंगरीच्या बस्त्याववर. डावा पाय अधू झाला त्याचा."

सुरुची पेन धरून बसली. असलं लिहायला अर्जात रकाना नव्हता. "बरं," ती शेवटी म्हणाली. "इथे सही करा. आणि इथे."

अनसूयाने सह्या केल्या, पोच घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली. बाहेर ऊन चढलं होतं. रिक्षावाल्याने विचारलं, "किधर जाना है, आंटी?" ती गोडदेव म्हणाली आणि आत बसली. घरी पोहोचल्यावर हातपाय धुतले, सकाळची भाजी गरम केली, जेवली. दुपारी झोप लागली तर थेट सहालाच जाग आली, नळाच्या आवाजाने. तेवढी सलग झोप तिला तीन महिन्यांत लागली नव्हती. तिने उठून बादली लावली.